तोंडी कळविले आहे

गुरुवारी दुपारी शकु मोरेने कॉम्प्युटरला स्वतःचंच नाव शोधायला लावलं आणि कॉम्प्युटरने उत्तर दिलं, अशी एकही मुलगी नाही. शकुचे कान तापले. राग आला की तिचे आधी कान तापायचे आणि मग तोंड सुटायचं. त्या दिवशी तोंड सुटलं नाही, कारण राग नेमका कोणावर काढायचा हेच तिला अजून कळलं नव्हतं.

साल अठ्ठ्याऐंशी. अंधेरी पूर्वेला, मरोळ नाक्याच्या अलीकडे, एका मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर नंदकुमार ओझरकरांचं 'जुळणी संगणकीय वधू-वर केंद्र' होतं. पाटीवर 'संगणकीय' हा शब्द बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. लोक त्या शब्दाला भुलून जिना चढायचे. पूर्वी लग्नं जमवायला कोणाची तरी मावशी नाहीतर आत्या असायची, ती चार घरं हिंडायची आणि आठ ठिकाणी खोटं बोलायची. आता काचेच्या केबिनमध्ये एसी लावून हिरव्या अक्षरांचा डबा ठेवला, आणि डबा म्हणे खोटं बोलत नाही. डबा नाही बोलत हो! पण त्यात नावं घालणारी माणसं कुठून आणणार होते? ती इथलीच ना, अंधेरी-पार्ल्याची.

डबा चालवायची शकु. साकीनाक्याच्या चाळीतली मुलगी, बी.कॉम. झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. वडील अंबादास टेलिफोन खात्यात लाइनमन. नोकरीवर ठेवताना ओझरकरांनी तिचे दाखले पाहिले होते आणि मोठ्या मनाने म्हणाले होते, "आपल्याकडे जातपात काही नाही हं. मी तसलं मानतच नाही. फक्त गिऱ्हाइकांसमोर आपण होऊन काही बोलायचं नाही. मोरे आडनाव आहे, कोणी विचारणार नाही." शकुचे कान तेव्हाच जरा तापले होते. पण पहिली नोकरी, त्यात कॉम्प्युटरवरची, म्हणून गप्प बसली.

आता या केंद्राची एक खास पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फॉर्मवर अपेक्षा लिहायच्या. उंची, रंग, शिक्षण, पगार, राहायचं ठिकाण, आणि शेवटी, जातीची अट आहे का? तिथे बहुतेक लोक झोकात लिहायचे, 'जातीची अट नाही'. का नाही लिहिणार, शिकलेले, मुंबईत राहणारे, सुधारलेले! मग फॉर्म ओझरकरांच्या हातात जायचा, चहा यायचा, आणि चहा पिता पिता तीच माणसं पुढे वाकून हळूच म्हणायची, "अट नाही म्हणजे... तुमच्या लक्षात येतंय ना? ते सोडून." 'ते' म्हणजे कोण, हे कोणी तोंडाने उच्चारत नसे. ओझरकरांच्या बरोबर लक्षात यायचं. ते फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारायचे.

या फुलीसाठी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये वेगळा रकाना करून घेतला होता. त्याचं नाव 'तोंडी'. नवा फॉर्म भरताना तो रकाना समोर यायचा, तिथे एक्स दाबला की काम झालं. पुढे कोणी अपेक्षा बदलायला आलं, तर बदलाच्या पडद्यावर उंचीपासून पगारापर्यंत सगळं दिसायचं, 'तोंडी' दिसायचा नाही. मेळाव्यात वाटायच्या छापील पुस्तिकेत तर नाहीच नाही. पण शोध घेताना कॉम्प्युटर तो न चुकता बघायचा, आणि एक्स असला की बौद्ध आणि एस.सी. मुलंमुली परस्पर गाळून टाकायचा. कोणाला तोंडावर नकार द्यायला नको, कोणाला वाईटपणा घ्यायला नको. ओझरकरांना आपल्या या युक्तीचा केवढा अभिमान!

आणि तो एक्स दाबायचं कोणी? शकुने. पहिल्या दिवशी एक्स दाबून ती मोरीत जाऊन खसाखसा तोंड धुऊन आली. घरी सांगितलं तेव्हा आई, सुंदराबाई, म्हणाली, "असल्या घरात आपली पोरगी गेली असती तर काय हाल केले असते मेल्यांनी? बरंय की, बाहेरच्या बाहेर कटतंय." शकुने ते पटवून घेतलं. पोट आहे प्रत्येकाला. ती रोज एक्स दाबत राहिली आणि कोणाकोणाचे दाबले ते घरी जाताना विसरत राहिली.

मग चंद्रप्रकाश देवरुखकर आला.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. घरी फक्त आई, दहिसरला. फॉर्म त्याने शकु नोकरीला लागण्याच्या आधीच भरला होता, पण मनासारखं स्थळ येत नव्हतं, म्हणून एका शनिवारी अपेक्षा बदलायला आला.

"मुलीची उंची पाच तीनपर्यंत लिहिलीय. ती पाच सहा करा."

"एकदम पाच सहा?"

"तुमची किती आहे, मॅडम?"

"पाच सहा. का?"

"काही नाही. पाच सहा करा."

पुढच्या शनिवारी परत हजर. 'चष्मा चालेल का' या रकान्यात पूर्वी 'नाही' होतं, त्याचं 'हो' करून घेतलं, आणि शकु नाकावरचा चष्मा वर सरकवत टाइप करत होती तेव्हा हा शहाणा छताकडे बघून हसत होता. मग 'नोकरी करणारी नको'चं 'नोकरी करणारी हवी' झालं. मग 'गोरी' खोडलं. शकु चांगली सावळी. तिने विचारलं, "रंगाचं काय लिहू?" तर म्हणाला, "मोकळं ठेव. जो असेल तो." मॅडमची शकु कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. काम संपलं की खाली उडप्याकडे कॉफी व्हायची. ओझरकरांची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की हसता हसता शकुला ठसका लागायचा. खोटं कशाला बोला, पोरगा गोड होता, आणि शकु त्याच्यात पुरती गुंतली होती.

शेवटच्या खेपेला त्याने राहण्याचं ठिकाण साकीनाका घालायला लावलं, शिक्षण बी.कॉम. "आता घे शोध," म्हणाला. "पुढच्या शनिवारी येतो. एकच नाव यायला पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुझा डबा बिघडलाय."

शकुचं नाव कॉम्प्युटरमध्ये होतंच. स्टाफला फी नाही, नाव घालून ठेव, असं ओझरकरांनीच सांगितलं होतं. तिने जात स्वच्छ लिहिली होती, बौद्ध. अट, नाही. आणि तिची खरोखरच नव्हती. तिने मनाशी ठरवलं होतं की शनिवारी तो छापील कागद चंद्रप्रकाशच्या हातात द्यायचा. त्यात नाव, पत्ता, जात सगळं आलंच, वेगळं काही सांगायला नको. त्याच्या फॉर्मवर 'जातीची अट नाही' असं लिहिलेलं तिने इतक्या वेळा वाचलं होतं की भीती अशी वाटतच नव्हती. सबंध जन्माचा होकार एका कागदावर येणार होता आणि तो कागद तिच्याच हाताने निघणार होता.

आणि त्या डब्याने सांगितलं, अशी एकही मुलगी नाही.

आधी वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. परत घातलं, तेच उत्तर. मग तिने एकेक अट काढून बघायला सुरुवात केली. साकीनाका काढून अख्खं उपनगर घातलं, तर चार मुली आल्या, पण शकु नाही. चष्मा काढला, उंची काढली, शिक्षण काढलं. मुली वाढत गेल्या. मराठा आल्या, कायस्थ आल्या, भंडारी आल्या, आगरी आल्या, वेसाव्याची एक कोळ्यांची मुलगी होती तीसुद्धा आली. शेवटी वयाखेरीज एकही अट ठेवली नाही, तेव्हा पडद्यावर मुलींची रीघ लागली आणि त्या रिघेत शकु मोरे नव्हती. घाटकोपरची एक नर्स होती, मुलुंडची एक शाळेतली बाई होती, त्याही नव्हत्या. त्यांचे फॉर्म शकुनेच भरले होते. तिघींमध्ये सारखं काय, हे सांगायला काही कॉम्प्युटर लागत नव्हता.

तिने मूळ नोंद काढून 'तोंडी' रकाना उघडला. चंद्रप्रकाश देवरुखकर, एक्स.

ती उठून ओझरकरांच्या टेबलाशी गेली.

"सर, देवरुखकरांच्या नावावर एक्स कोणी घातला?"

"मीच. तू यायच्या आधीचं आहे ते."

"त्यांच्या आईने सांगितलं होतं का?" तिला मनापासून वाटत होतं की आईनेच सांगितलेलं असावं.

"आई कुठली? एकटाच आला होता. म्हणाला, आईला चालणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही जमणार. स्पष्ट बोलला. चांगला मुलगा आहे."

"स्पष्ट बोलला? मग फॉर्मवर का नाही लिहिलं?"

"असं लिहितं का कोणी?" ओझरकर हसले. "वाईट दिसतं ते. आणि तू कशाला मनाला लावून घेतेस? तुला उद्देशून थोडंच आहे? ते सोड, रविवारी मेळावा आहे. पुस्तिकेची मूळ प्रत शनिवारी संध्याकाळी झेरॉक्सला गेलीच पाहिजे."

तुला उद्देशून थोडंच आहे! शकुला तो टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटला. भिरकावला नाही. घरी येऊन मात्र तिने आईसमोर सगळं ओकून टाकलं. सुंदराबाई मेथी निवडत होती, तिने जुडी खाली आपटली.

"कॉफी प्यायला चालतं वाटतं त्याला! तेव्हा नाही तोंड वाकडं झालं मेल्याचं?"

अंबादास शर्ट काढून खुंटीला लावत होता. शांत माणूस. म्हणाला, "फॉर्म भरला तेव्हा तो तुला ओळखत नव्हता, शकु. माणूस बदलतो. एकदा त्याला सरळ सांग आणि विचार. नाही बदलला, तर मग तुझं तू ठरव."

बापाचा शब्द म्हणून शकुने शनिवारपर्यंत राग गिळून धरला.

शनिवारी तो आला ते खालच्या दुकानातून पेढे घेऊनच. ओझरकर हॉलची सजावट बघायला गेले होते, बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक नव्हतं.

"आलं का नाव?" त्याने खुर्ची ओढली.

"नाही आलं."

"काय सांगतेस! बिघडला तुझा डबा."

"डबा ठीक आहे. तुम्ही ओझरकर सरांना चहा पिताना जे सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात आहे. तुमच्या नावावर एक्स आहे." त्याला काही कळेना, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मी बौद्ध आहे, चंद्रप्रकाश."

"मोरे ना तू?"

"मोरेच. आमच्यातही मोरे असतात."

तो पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा बोटाला गुंडाळत बसला. शकु त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला एवढंच हवं होतं की याने 'चुकलं माझं' म्हणावं. नुसतं तेवढं म्हणाला असता तरी तिने सगळं सोडून दिलं असतं आणि हसून पेढा खाल्ला असता.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मग काढून टाक तो एक्स. तेव्हा मला काय माहीत होतं, तू भेटशील म्हणून? तू वेगळी आहेस गं. तुझ्याकडे बघून वाटतसुद्धा नाही."

"काय वाटत नाही?"

"म्हणजे... तसं."

शकुचे कान तापायला लागले. "आणि घरी काय सांगणार?"

"तेच तर सांगतोय!" तो एकदम खुलला, पुढे सरकला. "तुझ्या जातीच्या रकान्यात मराठा टाक. मोरे आहे, खपून जाईल. आई काय दाखले मागणार आहे का? साखरपुडा हॉलवर करू, तुमच्याकडची मोजकीच माणसं बोलवू. आणि आई कधी तुमच्या घरी आली, तर भिंतीवरचे फोटो तेवढे आतल्या खोलीत ठेवायचे. थोडा वेळच तर असणार ती."

आणि हे तो प्रेमाने सांगत होता हो! आपण केवढं मोठं मन दाखवतोय अशा थाटात, डोळ्यांत पाणी आणून. त्याला वाटत होतं, आता ही आपले हात धरील.

"आमच्याकडे आतली खोली नाही," शकु म्हणाली.

"अगं, म्हणजे कुठेतरी..."

"उंची बदललीत. चष्मा बदललात. रंग सोडलात. आता काय, बाप बदलू माझा?"

"हळू बोल ना, खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे! तुम्हाला सगळं हळू बोलायला पाहिजे. माझी जात सांगायची तर हळू, मला नको म्हणायचं तेही हळू. त्या दिवशी एक्स सांगताना लाज नाही वाटली, आणि आज मी जोरात बोलले तर लाज वाटते?"

"मी तुझ्यासाठी एवढं करायला तयार आहे आणि तू..."

"काय करताय तुम्ही? सगळं तर मीच करायचंय. फोटो मी काढायचे, माणसं मी कमी करायची, खोटं मी टाइप करायचं." तिने पेढ्यांचा बॉक्स त्याच्या पुढ्यात सरकवला. "उद्या मेळाव्याला येणार ना?"

"येणार. आईलाही आणतोय. तू शांत झालीस की बोलू आपण."

"या."

 तो गेल्यावर शकुला रडू यायला लागलं तशी ती ताडकन उठली, पाणी प्याली आणि कामाला बसली. अपेक्षा बदलायचं कामच होतं तिचं. आजवर एकेकाच्या बदलल्या होत्या, आज सगळ्यांच्या एकदम बदलायच्या होत्या. ज्याच्या 'तोंडी' रकान्यात एक्स आहे, त्याच्या छापील रकान्यातलं 'जातीची अट नाही' पुसायचं आणि त्या जागी हे घालायचं, 'बौद्ध व एस.सी. चालणार नाहीत. तोंडी कळविले आहे.' एका ओळीची आज्ञा. शकुने ती दिली आणि डब्याने मुकाट्याने ऐकली. ज्यांच्या नावावर एक्स नव्हता त्यांच्या एका अक्षरालाही तिने हात लावला नाही. एवढ्या रागातसुद्धा खोटं तिला नको होतं.

प्रिंटर करकरत मूळ प्रत काढू लागला. डब्याला देवनागरी यायचं नाही, सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत छापून यायचं. पण वाचणाऱ्याला लागायला काही अडचण नव्हती. झेरॉक्सवाल्याने न वाचता गठ्ठे मारले.

रविवारी अंधेरीच्या हॉलमध्ये झेंडूची तोरणं, बटाटेवड्यांचा वास, सेंट मारलेले मुलगे आणि नवी साडी सावरत बसलेल्या मुली. दारातच एका टेबलावर शकु बसली होती, येईल त्या घराला पुस्तिका देत. ओझरकर मेळाव्यात प्रत्येकाला स्टेजवर उभं करून त्याची माहिती पुस्तिकेतूनच मोठ्याने वाचत असत, घोकल्यासारखी, धडाधड. तसंच सुरू झालं. पहिलाच मुलगा बँकेतला, सूट घातलेला.

"वय एकोणतीस, शिक्षण एम.कॉम., निर्व्यसनी. अपेक्षा, मुलगी सुस्वभावी, पदवीधर, बौद्ध व एस.सी. चालणार..."

ओझरकर थांबले. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं. तोपर्यंत सगळ्या हॉलमध्ये पानं उलटायला लागली होती. प्रत्येकजण आधी आपलं पान शोधत होता.

"हे काय छापलंय?" एक सफारीवाले गृहस्थ पुस्तिका नाचवत टेबलाशी आले. "आम्ही असं कधी लिहिलं?"

"लिहिलं नाही, काका. सांगितलंत."

"कोणाला सांगितलं?"

"ओझरकर सरांना, चहा पिताना. तुम्ही म्हणालात, ते सोडून. मी इथे 'ते' म्हणजे कोण, एवढंच लिहिलं."

 मागून कोणीतरी ओरडलं की ही बदनामी आहे, कोणी म्हणालं पैसे परत द्या. शेवटच्या रांगेत घाटकोपरच्या नर्सचे वडील उभे राहिले होते. त्यांनी पानं शांतपणे चाळली, पुस्तिका मिटली आणि मोठ्याने म्हणाले, "म्हणूनच आमच्या मुलीला एक नाव आलं नाही होय! आणि हा माणूस मला दर महिन्याला सांगतो, योग नाही." ते ओझरकरांकडे बोट दाखवत स्टेजकडे निघाले, आणि वाटेतली माणसं आपोआप बाजूला झाली.

"शकु!" ओझरकर माइकवरूनच किंचाळले. "तू कामावरून गेलीस!"

"गेले!" शकु टेबलामागून उभी राहिली. माइकची तिला गरज नव्हती, आवाज चांगला खणखणीत होता. "पण जायच्या आधी ऐका. यात खोटं असेल ते खोडून देते. पेन इथे आहे. ज्याला खोडायचंय, त्याने माइकवर जाऊन सांगायचं की आम्ही असं बोललो नव्हतो, किंवा बोललो होतो ते मागे घेतो. मग मी खोडते, सही करून. ओरडता कशाला? या ना!"

ओरडा थांबला. या म्हटल्यावर कोणी येईना. एवढा मोठा हॉल, एवढी सुधारलेली माणसं, सगळी चपला शोधल्यासारखी खाली बघायला लागली.

मग मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. वसुधा कोरगावकर, बोरिवलीची. तिच्या बापाने तिचा पदर धरला, तिने तो सोडवला आणि तरातरा माइकपाशी गेली.

"हे माझ्या वडिलांनी सांगितलं असेल, मी नाही. मला कोणी विचारलंही नव्हतं. लग्न माझं आहे. मला अट नाही." आवाज कापत होता, पण बोलली. टेबलाशी येऊन तिने पुस्तिका पुढे केली, शकुने ओळ खोडली आणि खाली सही ठोकली. वसुधाच्या मागे एक उंच मुलगा येऊन उभा राहिला, त्याच्या मागे आणखी कोणीतरी. आयाबाप मागे ओढत होते. छोटीशी का होईना, रांग झाली.

आणि बाजूने, रांग सोडून, चंद्रप्रकाश टेबलाशी आला.

 इतकं सगळं होऊनही शकुला कुठेतरी वाटत होतं की हा उठेल, माइकवर जाईल, नुसती दोन वाक्यं बोलेल. बस, दोन वाक्यं. तिसऱ्या रांगेत त्याची आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि मान वर करून बघत होती.

"पेन दे," तो म्हणाला.

तिने दिलं.  त्याने वाकून, टेबलाच्या कडेला पाठ लोकांकडे करून, आपल्या पुस्तिकेतली ती ओळ खराखरा खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली. मग ते पान तिच्यापुढे धरलं, आपल्या पोटाशी, कोणाला दिसणार नाही असं.

"खोडलं. बघ. आता झालं समाधान?"

"माइकवर सांगा."

"इथे? एवढ्या लोकांसमोर?"

"एवढ्या लोकांच्या हातात आहे ते."

त्याने मागे वळून आईकडे पाहिलं. आईने काय झालं म्हणून हाताने विचारलं, त्याने हातानेच काही नाही म्हणून सांगितलं.

"आईला मी सांगितलंय की झेरॉक्सवाल्याची चूक आहे," तो कुजबुजला. "समजून घे ना, शकु. नंतर घरी निवांत..."

शकुने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मागे माणसं उभी आहेत."